छातीवरचं नाव

कीथ डॉबसन मॅरेथॉन पळणार ही बातमी इंग्लंडातल्या ग्रिम्सबी गावच्या पबमध्ये पोचली तेव्हा लोक पोट धरून हसले. कीथ म्हणजे जन्मभर लोकांच्या तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या करणारा प्लंबर. दोन्ही गुडघे कामातून गेलेले, खुर्चीतून उठायचं तरी टेबलाला विचारून उठणारा.

"बस पकडायला तरी कधी पळालास का रे?" त्याचा पबातला दोस्त टेरीने विचारलं. "साठी बुद्धी नाठी, दुसरं काय."

"हस लेका. पण हसून झालं की देणगी टाक," कीथ म्हणाला.

टेरीने टाकली. देणगी डिमेन्शियाच्या, म्हणजे आठवणी पुसणाऱ्या आजाराच्या, संस्थेला जाणार होती, आणि कीथच्या नोरीनचं काय झालंय हे साऱ्या पबला ठाऊक होतं.

नोरीन शाळेच्या खानावळीत पोरांना जेवण वाढायची. आवाज असा खणखणीत की गुपचूप गाजर टाकून पळालेलं पोर मैदानाच्या टोकाला जागीच थिजायचं. घरीही तोच आवाज. "कीथ, बूट बाहेर काढ. हे घर आहे, गटार नाही." जन्मभर कीथ त्या आवाजाला वैतागला. आता त्या आवाजासाठी त्याने काहीही दिलं असतं, पण ती हळू, पाहुण्यासारखी बोलायची. परवा तिने त्याच्या हातात चहा दिला आणि म्हणाली, "मोरीचं काम झालं की निघा हं. माझा नवरा येईल इतक्यात."

कीथ चहा प्यायला. मोरीत उगीच थोडी खुडबुड केली, मागच्या दाराने बाहेर पडला आणि पुढच्या दाराने आत आला. तरी नवरा काही आला नाही.

दर मंगळवारी संस्थेची जॅनिस येऊन नोरीनजवळ बसायची, तेव्हा कुठे कीथला दुकानात जाऊन येता यायचं. पळण्याचं खूळ तिथूनच निघालं. जांभळा बनियन देताना जॅनिस म्हणाली, "छातीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा. लोक नाव घेऊन ओरडतात. पाय थकले की तेवढंच कामाला येतं."

सगळे आपलं नाव लिहितात. कीथने लिहिलं, नोरीन.

त्याच्या मनात काय होतं ते त्याने फक्त मुलीला सांगितलं. "ट्रेसी, तिला तिच्या शाळेच्या फाटकापाशी घेऊन ये, शर्यत तिथूनच जाते. सगळा गाव तिच्या नावाने ओरडेल. एवढ्या आवाजाने तरी काहीतरी हलेल की नाही आत?"

"बाबा, डॉक्टर काय म्हणाले ते विसरलास का?"

"नाही विसरलो."

हा आजार मागे फिरत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. कीथला ते कळत होतं, पण वळत नव्हतं. मी तर म्हणेन, कुणालाच वळलं नसतं.

पळायच्या दिवशी खाडीवरून बोचरा वारा सुटला होता. अर्धं अंतर गुडघ्यांनी कसंबसं निभावलं, पुढचं शिव्या देत. पण जॅनिस म्हणाली होती ते खरं होतं. फुटपाथवरून माणसं ओरडत होती, "चल नोरीन! शाबास नोरीन!" एक पोरगा ओरडला, "नोरीनबाई, दाढी करा आता!" सगळे हसले, कीथही हसला. इतक्या तोंडी तिचं नाव त्याने कधी ऐकलं नव्हतं. त्याला वाटलं, हे ऐकून मेलेलं माणूसही उठून बसेल.

शाळेचं फाटक दिसायच्या आधीच तो आवाज आला. खणखणीत, मैदान ओलांडून जाणारा.

"चल नोरीन! पाय उचल!"

निळ्या कोटातली नोरीन कठड्याला रेलून, हात उंचावून ओरडत होती. कीथ लोकांना चुकवत रस्ता ओलांडून गेला आणि तिच्यासमोर उभा राहिला.

"नोरीन," तो म्हणाला.

"अहो, थांबलात कशाला?" तिने त्याच्या दंडावर थोपटलं. मग बनियनवरचं नाव बोट फिरवत वाचलं. "ही नोरीन कोण तुमची?"

"बायको."

तिचा चेहरा उतरला. पाठीवर गेलेल्या माणसांची नावं लिहून पळणारे तिने सकाळपासून बरेच पाहिले होते.

"गेली का हो बिचारी?"

कीथने ट्रेसीकडे पाहिलं. ट्रेसीने मान फिरवली.

"हो," कीथ म्हणाला.

"मग तर थांबूच नका. तिला बरं वाटेल."

तो वळला आणि पळू लागला. चौक ओलांडेपर्यंत त्याच्या बायकोचा आवाज इतर सगळ्यांच्या वर चढून त्याच्या पाठीमागून येत होता, आणि त्याने एकदाही मागे पाहिलं नाही.