आषाढातली पोटदुखी

माझ्या भाचीने अख्ख्या मावळात कुणाच्याही घरी आजवर नुसता चहा म्हणून चहा घेतलेला नाही. कप रिकामा होईपर्यंत त्या घरात पाणी कोण भरतं, पगार कुणाच्या हातात येतो, थोरल्या आणि धाकट्या जावेचं बोलणं कधीपासून बंद आहे, हे सगळं तिच्या वहीत उतरलेलं असतं. बरं, विचारते इतक्या गोडीने की माणसं आपणहून पुढचं सांगत सुटतात. एका लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली तरी ही मांडवाच्या मागे, स्वयंपाकाला राबणाऱ्या बायका कितव्या पंगतीला जेवतात ते बघत बसली होती. दशक्रियेला सगळे कावळ्याकडे डोळे लावून उभे, तर हिचे डोळे कोण कुणाच्या शेजारी उभं राहतं यावर. तिथल्या एका आबांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पोरगी सरकारची मानूस हाय का?" म्हटलं, नाही आबा, समाजशास्त्राची आहे. आबांना ते सरकारपेक्षा गंभीर वाटलं असावं, कारण त्यांनी लगेच टोपी नीट केली.

हे समाजशास्त्र तिच्या डोक्यात मीच भरवलं, असं आमच्या दाजींचं ठाम मत. दाजी म्हणजे तिचे वडील. कामशेतहून पवनेकडे जाताना लागणाऱ्या एका गावात त्यांची भातशेती आहे. पोरीने नर्सिंग करावं हा त्यांचा हट्ट. "समाज काय शिकायचा? त्यो तर हितं पारावर फुकट बगाय मिळतोय," म्हणायचे. मी तळेगावच्या माझ्या फ्लॅटमध्ये तिची राहायची सोय केली, पुण्याला विद्यापीठात तिचं नाव घातलं आणि तोऱ्यात सांगून बसलो, "पोरीला नोकरी नाही लागली तर मला धरा." एम. ए. झाल्यावर दोन वर्षं नोकरी लागली नाही, आणि दाजींनी मला धरलं. दर भेटीत, न चुकता. भाची मात्र "मुलीच्या शिक्षणाचा दोष मामावरच का येतो हो?" म्हणत तेही लिहून घ्यायची.

शेवटी तळेगावच्या बाजूच्या एका कारखान्याने तिला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं. तिथे पवनेकडच्या गावांतल्या पुष्कळ बायका कामाला होत्या. वर्षभर काम चोख, पण आषाढ आला की एकेकीचं पोट दुखायला लागायचं आणि आठवडा आठवडा बायका गायब. साहेब मंडळी शिकलेली. त्यांनी पाण्याची टाकी दोनदा धुवून घेतली, कॅन्टीनचा आचारी बदलला, डॉक्टरांचं शिबिर भरवलं. तरी पुढच्या आषाढात पोटं दुखलीच. आता या बायकांना काढून बाहेरून कामगार आणायचे असं ठरत आलं होतं. आषाढाच्या आत दुखण्याचं मूळ शोध, नाहीतर त्यांच्याबरोबर तूही घरी, असा भाचीपुढे सरळ मामला.

मूळ तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. लावणी! आमच्याकडे भाताची लावणी सावडीने होते. आज सगळ्याजणी तुझ्या शेतात, उद्या माझ्या. जी दुसरीकडे गेली नाही तिच्या बांधावर कुणी फिरकत नाही. पण शेताचं नाव काढलं तर नोकरी जाईल, या धास्तीने बायका पोट पुढे करत होत्या. भाची महिनाभर गावोगाव चहा पीत हिंडली. कुठल्या गावाची लावणी आधी, कुठल्या गावाची मागून, ते तिने लिहून काढलं, बायकांना खरं बोलायला तयार केलं आणि साहेबांपुढे तक्ता ठेवला. खालच्या गावांची लावणी चालू असेल तेव्हा वरच्या गावांतल्या बायका त्यांची कामाची पाळी भरतील, मग उलट. म्हणजे कारखान्यातही सावडच! साहेब म्हणाले, "हे आम्हाला इतकी वर्षं कुणी सांगितलं का नाही?" भाची म्हणाली, "सर, तुम्ही पोटाची चौकशी केलीत. घरची कुणी केलीच नाही." त्या आषाढात एकाही बाईची नोकरी गेली नाही आणि एकीचंही पोट दुखलं नाही. भाची कायम झाली. मी पेढे वाटले, सोसायटीच्या वॉचमनला तर दोनदा दिले. अभिमान वाटला म्हणजे किती वाटावा!

पण त्याच वर्षी माझ्या अक्काचा, म्हणजे भाचीच्या आईचा, गुडघा आखडला. ती कुणाच्याच सावडीला जाऊ शकली नाही. मजूर मिळेनात आणि रोपं वाफ्यातच पिवळी पडायला लागली. एका रविवारी भाचीला घेऊन मी गेलो, तर दाजी बांधावर कपाळाला हात लावून बसलेले. मला धरायचंही त्यांना सुचलं नाही. तेवढ्यात रस्त्यावर टेम्पो थांबला आणि कारखान्यातल्या बायका पदर खोचत खाली उतरल्या. भाचीलाही याचा पत्ता नव्हता.

दाजी गडबडून उठले. "आवो, आमची मंडळी तर औंदा तुमच्यात कुनाकडंच आली न्हाई."

"मंडळी न्हाई आली, भाऊ," पुढची मावशी म्हणाली, "पर पोरगी आलती की! रोपं कुटं हायती, सांगा."

दाजींनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाव्हणं, लय शिकीवलं तुमी पोरीला." एवढं बोलायला त्यांना पाच वर्षं लागली, पण बोलले.

भाचीने वही माझ्या हातात दिली आणि सरळ चिखलात उतरली. मी ती छातीशी धरून बांधावर उभा राहिलो. माझ्या वाटणीची शेती मी कधीच विकून टाकली. आज माझ्या घरी काही अडलं तर सावडीला कोण येईल, ते उगाच बोटांवर मोजायला लागलो. पहिल्या बोटावर भाची आली. दुसरं बोट बराच वेळ तसंच राहिलं.