धाकट्यानं उचललेला वाटा

आमच्याकडं वाटणीच्या वेळी थोरला वाटे पाडतो आणि धाकटा आधी उचलतो. थोरल्यानं लबाडी करू नये म्हणूनच ही रीत. वरवंडच्या आमच्या घराचे दादानं दोन भाग केले, मी सागवानी चौकटीचा भाग उचलला. चौकटीला नुकताच चॉकलेटी ऑइलपेंट मारलेला. दादा तेव्हा एक शब्द बोलला नाही. चांगलं ते धाकट्याला जाऊ दिलं, केवढं मोठं मन, असं मी कितीतरी पाहुण्यांना कौतुकानं सांगत फिरलो. एवढा बावळट माणूस तालुक्यात दुसरा नसेल.

पावसाळ्यात दार अडकायला लागलं. "पावसानं लाकूड फुगतंय, दरसालचंच हाय," दादा म्हणाला. मी दाराला रंधा मारून घेतला आणि विषय सोडून दिला. मग एका संध्याकाळी पाऊस उघडला आणि ट्यूबलाइटभोवती पंखवाल्या किड्यांचा नुसता गराडा. सकाळी केर काढता काढता बायकोनं हाक मारली.

"अवो, हे पंख खिडकीपाशी न्हाईत. सगळे चौकटीच्या बुडाशीच पडल्यात."

चौकटीवर टकटक केलं तर पोकळ आवाज. स्क्रू ड्रायव्हर नुसता टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. रंगाच्या पापुद्र्यामागं ओली माती आणि पांढरी वळवळ होती. वाळवी.

"आधी भावजींना सांगा," बायको म्हणाली. "मधली भिंत एकच हाय. त्यांच्याकडं शिरंल."

माझ्याही मनात तेच आलं होतं. ती भाजी आणायला गेली. कुठवर पसरलीय ते बघावं म्हणून मी शेजारचं लोखंडी कपाट सरकवलं. वाटणीत ते दादानं मला दिलं होतं, जागेवरच ठेवून. "लई जड हाय, हलवत बसू नको," म्हणाला होता.

कपाटामागं भिंतीच्या कडेनं फरशीला भोकं पाडलेली होती, ओळीनं, पांढऱ्या सिमेंटनं बुजवलेली. वाळवीचं औषध सोडायला अशीच भोकं पाडतात. वाळवीचा राग नव्हता, ती कुणाच्याही घरात निघते. पण सख्ख्या भावानं मला फसवलं होतं, आणि तेही बाहेरच्या रंगवाल्याला न बोलावता. स्वतः ब्रश घेऊन बसला होता तो. मी त्याला चहा नेऊन दिला होता.

पलीकडं गेलो. दादा ओट्यावर बसून दाढी करत होता.

"दादा, तुला ठाऊक व्हतं?"

कशाबद्दल, असं त्यानं विचारलंसुद्धा नाही. आरशातून नजर न काढता म्हणाला, "वाटा तूच उचलला ना? मी काय म्हणलो व्हतो का, ह्योच घे म्हणून?"

नव्हता म्हणाला. पंचांसमोर सगळं रीतीप्रमाणं झालं होतं. मी माघारी आलो.

बायको पिशवी घेऊन दारातच उभी होती. "सांगितलं का भावजींना? बिचारे ते तरी वेळेवर सावध व्हतील."

"त्यांना आधीच ठाऊक हाय," मी म्हणालो.