फ्लेक्सवरच्या शालनताई

शालन बिडकर गेल्याची बातमी कर्वेनगरात सकाळच्या दुधाबरोबर घरोघरी पोचली, आणि खुद्द शालनताईंना ती सगळ्यांत शेवटी कळली.

त्या तेव्हा सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिकवणीच्या स्कूटरचा आरसा पुसत होत्या. राधा गेटमधून आत आली. तिच्यामागे तिचा नवरा, दोघांचेही चेहरे पडलेले. राधा त्यांची विद्यार्थिनी, ब्रेक लावायच्या आधी पाय खाली टेकणारी. आज तिने पांढरट सुती साडी नेसली होती. समोर शालनताईंना पाहून ती जागच्या जागी थिजली.

"अगं बाई! ताई, तुम्ही?"

"मीच. आणि ही साडी कसली? साडीवर मी शिकवत नाही, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

राधाने तोंडावर हात ठेवला. रडू आणि हसू एकदमच आल्यामुळे तिला काही बोलता येईना. शेवटी नवऱ्याने खिशातून फोन काढून पुढे केला. "नाही म्हणजे... चौकात लागलंय हे. आम्हाला वाटलं..."

फोनवर फ्लेक्सचा फोटो होता. मधोमध लंबगोल चौकट, दोन्ही बाजूंना तेवत्या समया आणि चौकटीत हात जोडून मंद हसणाऱ्या शालनताई. वर लाल अक्षरांत, 'आणखी किती बळी?' फोटोखाली, 'आमच्या शालनताई'. आणि अगदी तळाशी, मुंग्यांच्या रांगेसारख्या बारीक अक्षरांत, सोसायटीच्या गच्चीवर येऊ घातलेल्या फाइव्ह-जी टॉवरला रहिवाशांचा विरोध असल्याचं आणि रविवारी सभा असल्याचं लिहिलं होतं. पण पुण्यात चौकातून जाणारा माणूस फ्लेक्स वाचत नाही. चौकट बघतो, समया बघतो, कुणीतरी गेलं एवढं समजून घेतो आणि सिग्नल सुटायच्या आत पुढे निघतो.

"फोटो बरा आलाय," शालनताई म्हणाल्या. आवाज जागेवर होता. हात मात्र पुसून झालेला आरसाच पुन्हा पुसत राहिला.

फोटो त्यांनी स्वतःच दिला होता. आठवड्यापूर्वी सोसायटीचे अध्यक्ष आप्पासाहेब दारात येऊन म्हणाले होते, "तुमचा एखादा छानसा फोटो हवाय, सोसायटीच्या कामाला." शालनताईंना वाटलं, महिलांचा सत्कार वगैरे असेल. भाचीच्या मुलाच्या मुंजीतला फोटो त्यांनी हौसेने शोधून पाठवला. पैठणीतला.

शालनताईंचं निम्मं आयुष्य स्कूटरवर गेलं होतं. हडपसरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात त्या नोकरीला होत्या. कर्वेनगर ते हडपसर म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं. उन्हात स्कार्फ बांधून, पावसात रेनकोट चढवून त्यांनी ते अंतर वर्षानुवर्षं कापलं. नवरा लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. नोकरी सुटल्यावर नातेवाईक म्हणाले, आता देवधर्म करा. त्यांनी जुनी स्कूटर दुरुस्त करून घेतली आणि चाळिशी उलटलेल्या बायकांना गाडी शिकवायला सुरुवात केली. तरुण मुलींना शिकवणारे पुष्कळ होते. ज्यांना नवरा म्हणायचा 'तुला जमायचं नाही', मुलगा म्हणायचा 'आई, तू रिक्षाच कर', अशा बायकांना शिकवणारं कुणी नव्हतं.

भीती हाच त्यांचा धंदा होता. भीती गेल्यावर गाडीवर बसेन म्हणणारी बाई कधीच बसत नाही, हे त्यांना अनुभवाने कळलं होतं. "तिला मागच्या सीटवर बसव," त्या सांगत. "येऊ दे बरोबर. फक्त हँडल तिच्या हातात देऊ नकोस."

क्लास चांगला चालू असताना त्यांना कर्करोग झाला. ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले, पुन्हा आले. ते सगळं सोसता आलं. सोसवला नाही तो लोकांचा बदललेला आवाज. कालपर्यंत पार्किंगवरून कडाकडा भांडणारे शेजारी एकाएकी मऊ बोलायला लागले. भाजीवाली वजनापेक्षा जास्त भाजी घालायची. जिन्यात पाठीमागून शब्द यायचा, बिचारी. तो शब्द त्यांनी घाम गाळून अंगावरून उतरवला होता. आजारानंतर पहिली विद्यार्थिनी आली, तिला त्यांच्या आजाराचं काही ठाऊक नव्हतं. ती चुकल्यावर शालनताई तिच्यावर ओरडल्या आणि ती त्यांच्यावर उलट ओरडली. त्या दिवशी त्या घरी येऊन पोटभर जेवल्या.

आणि आता चौकात समया लागल्या होत्या.

दुपारपर्यंत फोन सुरू झाले. बातमी खोटी हे एव्हाना लोकांना कळलं होतं, पण तिच्या जागी दुसरी बातमी पोचली होती. "ताई, तुम्ही तब्येत सांभाळा. माझं काय, नंतर कधीही शिकेन." "ताई, सासूबाई म्हणतात, आजारी माणसाला त्रास नको." वारज्याची सोनाली, जिचा हात आताशा कुठे बसायला लागला होता, ती फोनवर नुसतीच मुसमुसली. शालनताई म्हणाल्या, "अगं, पाच वर्षं झाली मला बरं होऊन." पलीकडून आवाज आला, "हो ना ताई. किती हो धीराच्या तुम्ही." तोच मऊ आवाज.

त्या तडक आप्पासाहेबांच्या दारात गेल्या.

"या, या," आप्पासाहेब म्हणाले. "चूक झाली खरी. फ्लेक्सवाल्याकडे तयार चौकट होती, त्यानं त्यातच तुमचा फोटो बसवला. उद्या समया काढून टाकायला सांगतो."

"समया राहू द्या. मला काढा."

"अहो शालनताई, समाजाचं काम आहे. शेजारच्या बिल्डिंगवर इतकी वर्षं टॉवर होता, आणि त्याच्या समोरच्या फ्लॅटमध्ये तुम्हाला कॅन्सर झाला. आता हा नवीन आपल्याच डोक्यावर येतोय. लोकांना शास्त्र सांगून कळत नाही. माणूस दाखवला की कळतं."

"म्हणून माणूस संपवलात?"

"शब्द धरू नका. तुमचं दुःख वाया जाऊ नये, एवढीच इच्छा."

"ते माझं आहे. वाया घालवायचं की ठेवायचं, मी बघेन."

घरी आल्यावर त्यांनी गॅलरीचं दार उघडलं. समोर तो जुना टॉवर होता. त्याच्यावर संशय त्यांनाही आला नव्हता असं नाही. केमोच्या दिवसांत त्या रात्रंदिवस त्याच्याकडे बघत असत. एकदा धीर करून डॉक्टरीणबाईंना विचारलंही होतं. त्या म्हणाल्या होत्या, "टॉवरमुळे असं होतं, हे आजवर कुणाला दाखवता आलेलं नाही, बिडकरबाई. पण मग तुम्हालाच का, तेही मला सांगता येणार नाही." शालनताईंना ते उत्तर आवडलं नव्हतं. पण ते खरं होतं, आणि ते घेऊन जगायला त्या हळूहळू शिकल्या. आता कुणीतरी येऊन त्यांच्या त्या रिकाम्या जागेवर आपली पाटी ठोकत होतं.

रविवारी सभेला पार्किंग भरलं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चहाचा थर्मास आणि खुर्चीवरून आधीच सुरू झालेले वाद. सगळ्यांच्या समोर, लोकांकडे तोंड करून एक वेगळी खुर्ची मांडली होती. तिच्यावर उशी होती.

"शालनताई, तुम्ही इथं," आप्पासाहेब म्हणाले.

शालनताईंनी उशी बाजूला ठेवली, खुर्ची उचलली आणि चौथ्या रांगेत नेऊन सगळ्यांसारखी मांडली. उशी तेवढी तिथंच जमिनीवर राहिली.

आप्पासाहेब बराच वेळ बोलले. मग सलिल उठला. तो आयटीत होता आणि घरून काम करायचा. "काका, मला घरात रेंज मिळत नाही. क्लायंटशी बोलायला मी गॅलरीत लोंबकळतो, अख्ख्या सोसायटीला माझं अप्रेझल पाठ झालंय. आणि टॉवर वाईट हे तुम्ही आम्हाला कळवलंत कशावरून? रोज सकाळी व्हॉट्सअॅपवरून! का कबुतर पाठवत होतात?"

लोक हसले. आप्पासाहेब लाल झाले. "तुझ्या रेंजसाठी आम्ही मरायचं का? शालनताईंकडे बघ जरा!"

"त्यांचा टॉवरशी काही संबंध नाही," सलिल म्हणाला. "त्यांच्या घराण्यातच असेल. किंवा मग स्ट्रेस. एकट्या राहतात, खाण्यापिण्याचे हाल..."

"त्या डब्याचं जेवायच्या ना तेव्हा?" मागून कुणीतरी विचारलं.

"मायक्रोवेव्हसुद्धा आहे त्यांच्याकडे," आणखी एक आवाज आला.

शालनताई उठल्या. ओरडल्या नाहीत. चुकलेल्या विद्यार्थिनीला गाडी थांबवायला सांगताना करत, तसा त्यांनी नुसता हात वर केला, आणि पार्किंग गप्प झालं.

"झालं सगळ्यांचं? माझं घराणं झालं, डबा झाला, मायक्रोवेव्ह झाला. आप्पासाहेबांना माझा आजार टॉवर पाडायला हवाय, सलिलला तो टॉवर उभा करायला हवाय. मला एकानंही विचारलं नाही. ज्याला कुणाला हवा असेल त्यानं खुशाल घेऊन जावं. पण केमोसकट न्या. नुसता फोटो नेऊ नका."

त्यांनी एकेका रांगेवरून नजर फिरवली.

"मला तो कशामुळे झाला, हे माझ्या डॉक्टरांना माहीत नाही, मला माहीत नाही, आणि तुम्हाला तर मुळीच माहीत नाही. टॉवर हवा की नको यावर मी मत देईन, इतरांसारखं एक. पण मी कुणाचा पुरावा नाही. आणि बिचारी तर नाहीच नाही. परवापासून माझ्या चार बायकांनी क्लास सोडलाय. का, तर ताई आजारी आहेत. पाच वर्षं लागली हो मला यातून बाहेर यायला. तुम्ही एका फ्लेक्समध्ये परत आत ढकललंत."

"शालनताई, कुणाचा तसा हेतू..." आप्पासाहेब पुटपुटले.

"हेतूचं मला काय करायचंय? गाडी अंगावर आल्यावर चालवणाऱ्याचा हेतू कुणी विचारत नाही."

तेव्हा पहिल्या रांगेतली नम्रता उभी राहिली. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणारी, कडेवर सहा महिन्यांचं बाळ. "ताई, मला आकडेबिकडे कळत नाहीत. पण याचा पाळणा बरोबर त्या गच्चीखाली आहे. मला भीती वाटते. मी मूर्ख आहे का?"

सलिल काहीतरी बोलणार होता. शालनताईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि तो खाली बसला.

"मूर्ख कशानं?" त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "भीती वाटते ना, मग ती तुझ्या तोंडानं सांग. माझ्या फोटोमागे उभी राहू नकोस. कंपनीच्या माणसाला इथं बोलव. त्यांच्याखेरीज बाहेरच्या एखाद्या जाणकारालाही बोलव. किरणं किती, मर्यादा किती, तुझ्या पाळण्यापाशी मोजून दाखवा म्हण. उत्तर पटलं तर हो म्हण, नाही पटलं तर नाही म्हण. त्या दिवशी मी तुझ्याशेजारी बसेन. शेजारीण म्हणून."

सभेत टॉवरचा निकाल लागला नाही. आधी मोजणी, मग मतदान, एवढं ठरलं. आप्पासाहेबांना ते पुरेसं वाटलं नाही, सलिललाही नाही. दोघंही एकाच थर्मासमधला चहा एकमेकांकडे पाठ करून प्यायले.

"फ्लेक्स मी सोमवारपर्यंत उतरवून घेतो," आप्पासाहेब म्हणाले.

"कशाला सोमवार?" शालनताईंनी घरातून कात्री आणली, स्कूटर काढली आणि भर दुपारी चौक गाठला. रिक्षा स्टँडवरच्या सर्जेरावांनी त्यांना पाहून रिक्षातून उडीच मारली. "आयला, ताई! आमी तर परवा एक मिनिट उभं राह्यलो ना तुमच्यासाठी!"

"आता आणखी दोन मिनिटं उभे राहा. त्या दुकानातली शिडी आणा आणि धरा."

त्या वर चढल्या. स्वतःचा चेहरा इतक्या जवळून, इतका मोठा त्यांनी कधी पाहिला नव्हता. नाकावरचा तीळ रुपयाएवढा दिसत होता. त्यांनी एक दोरी कापली, मग दुसरी. फ्लेक्सचं एक टोक सुटून लोंबायला लागलं, तेवढ्यात खालून जाणाऱ्या एका मोटारसायकलवाल्याने पाय टेकून विचारलं, "कोण गेलं हो?"

"कुणी नाही," शालनताई वरूनच म्हणाल्या. "आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर दोनच बायका आल्या होत्या, राधा आणि वारज्याची सोनाली. बाकीच्या येतील किंवा येणार नाहीत. शालनताईंनी तो फ्लेक्स कापून पट्ट्या केल्या होत्या आणि त्या मातीत दगडांखाली दाबून गाडी वळवायला शिकवायचा इंग्रजी आठचा आकडा आखला होता. एका पट्टीवर 'आणखी किती', एकीवर नुसती समयीची ज्योत. आकड्याच्या ऐन वळणावर त्यांचेच डोळे, आकाशाकडे लागलेले.

राधा आज पंजाबी ड्रेसमध्ये होती. तिने पहिलं वळण घेतलं, दुसऱ्याशी आली आणि करकचून ब्रेक लावला. या वेळी पाय आधी टेकला नव्हता.

"ताई, तुमचा चेहरा आहे इथं. त्याच्यावरून गाडी कशी नेऊ?"

"मी कुठं उभी आहे?"

"तिकडे."

"मग तो नुसता फ्लेक्स आहे. ने त्याच्यावरून."

राधाने ओठ दाबले. तिने सोनालीकडे पाहिलं, मग समोर, मग नकळत पुन्हा खाली.

"खाली बघू नकोस!" शालनताई मैदानभर ऐकू जाईल अशा ओरडल्या. "खाली बघणारी पडते! माझ्याकडे बघ आणि रेस दे!"

"ओरडू नका हो ताई, देतेय ना!" राधाही तितक्याच जोरात ओरडली.

आणि तिने रेस दिली.