लिंबायतचा उडता नाग

सुरतेजवळ उधन्याला गाडीतून उतरलो तेव्हा माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि डोकं तापलं होतं. त्यात रिक्षावाला म्हणाला, "क्यां जवुं छे, काका?" (कुठे जायचंय?) चाळिशी नुकती ओलांडलेल्या माणसाला काका! मी हिंदीत ठणकावून लिंबायत सांगितलं, तर माझं हिंदी ऐकून तो हसून म्हणाला, "बसा भाऊ, मी बी खान्देशनाच, शिरपूरना." राग कुठल्या कुठे गेला.

सुरत म्हणजे लूमचा (यंत्रमागांचा) खडखडाट, असं जळगावात ऐकून होतो. पण त्या दिवशी खात्यांना (कारखान्यांना) आठवड्याची सुट्टी होती. गल्ल्या शांत, आणि गटारात कालच्या रंगाचं पाणी. कोपऱ्यावर लोचो (बेसनाचा सैलसर वाफवलेला पदार्थ) खाल्ला. निम्मा पोटात गेला, निम्मा सदऱ्यावर.

भिकादादा माझा मावसभाऊ, लूमवर कामाला. दोन खोल्यांचं घर. सुमनवहिनी साड्यांवर टिकल्या चिकटवण्याचं काम घरीच करतात. मला बघताच ओरडल्या, "कव्हय उनात भाऊजी?" (कधी आलात?) आणि पाणी देण्याआधीच विचारलं, "पत्ते खेळता ना?"

हे पत्ते आपल्या रमीचे नव्हेत. पानांवर राक्षस, जादूगार, उडते साप. प्रत्येक खेळणाऱ्याला वीस जीव. आपलं सैन्य जमिनीवर मांडायचं, आपली पाळी आली की ते हवं त्याच्यावर सोडायचं. शेवटी जिवंत उरेल तो जिंकला. मूळ पानं परदेशी. दादाचा दोस्त सुखदेव पूर्वी हिरे घासायचा, तेव्हा त्याच्या शेठच्या मुलाने कंटाळून देऊन टाकलेली. पुढे ती उंदरांनी कुरतडली, पण त्याआधी वहिनींनी साड्यांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर सगळीच्या सगळी रंगवून घेतली होती. वर स्वतःची भरही घातली होती. मूळचं एकच पान वाचलं, चकचकीत उडता नाग. जिंकणारा तो आठवडाभर आपल्या लूमवर डकवतो.

"दोन वर्षं झाली, भाऊजी," कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी थापता थापता वहिनी म्हणाल्या. "सगळी पानं मी काढली. पण नाग रंगवताना हातात धरला तेवढाच. हे पहिला घाव नेहमी माझ्यावरच घालतात."

"मग काय करू?" दादा म्हणाला. "लोकं म्हणतील, नवरा-बायको मिळून खेळतात!"

उद्या सुखदेव बिऱ्हाड घेऊन कामरेजला चालला होता. म्हणून हा शेवटचा डाव, आणि आज जिंकेल त्याचा नाग कायमचा. चौथा गडी गावाकडे लग्नाला गेल्यामुळे त्याच्या जागी मी. बुद्धिबळात मला आमच्या बँकेत कुणी हरवलेलं नाही, असं मी सांगत नाही, लोक सांगतात. मनात म्हटलं, ही पोरखेळातली पानं काय हो!

सुखदेव आला, तसे भरीत-भाकरी चेपून बसलो. वहिनींनी मला शेजारी घेतलं. "काही अडलं तर मला हळूच विचारा," म्हणाल्या, आणि मोठ्याने, "सांभाळा हं, भाऊजी बँकेचे चॅम्पियन आहेत!" मी फुगलो. हाताला येईल तो राक्षस समोर मांडत गेलो. दादाने रीतीप्रमाणे पहिला घाव बायकोवर घातला. पण पुढच्या पाळीला वहिनी म्हणाल्या, "भाऊजींसमोर बघा, केवढं सैन्य!" खरंच होतं ते. दोघेही माझ्यावर तुटून पडले. वहिनींसमोर एक मरतुकडा जादूगार. मला त्यांची कीव आली.

मध्येच मला 'तापीचा पूर' नावाचं पान आलं. "हे कशाचं?" मी वहिनींच्या कानात विचारलं. "जमिनीवरचं सगळ्यांचं सैन्य वाहून जातं," त्या तितक्याच हळू म्हणाल्या.

माझे दोन जीव उरले. सुखदेव खदाखदा हसला, "पाव्हणे, चला आता जळगावला!" माझं डोकं सटकलं. आपण बुडतोय तर सगळेच बुडा! मी पूर आपटला. दादाचं सैन्य गेलं, सुखदेवचं गेलं, वहिनींचा जादूगारही गेला. पुढच्याच पाळीला वहिनींनी हातातला तसलाच दुसरा मरतुकडा जादूगार काढला आणि मला संपवलं.

दादा आणि सुखदेव, दोघांचे हात रिकामे होते. होतं नव्हतं ते त्यांनी मला मारायला मांडलं होतं. वहिनींच्या हातात मात्र पानांचा गठ्ठा. एकही वाया घालवलेलं नाही! त्यांनी एकेक राक्षस शांतपणे मांडला आणि दादाकडे बघितलं.

"रीत आहे ना? पहिला घाव घरच्यावर."

दादा गेला. मग सुखदेव गेला. सुखदेवने उठून नाग दोन्ही हातांनी वहिनींच्या ओंजळीत ठेवला. "मना नाग!" (माझा नाग!) एवढंच म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. दादाच सगळ्यात मोठ्याने टाळ्या वाजवत होता. बायको जिंकावी असं त्यालाही दोन वर्षं वाटत असणार, पण लोकलाजेपुढे बोलतो कोण.

दुसऱ्या दिवशी निघताना टिकल्यांच्या डब्यावर नाग चिकटलेला पाहिला. वहिनींनी दशम्यांचं पुडकं दिलं. नंदुरबार गेल्यावर सोडलं, तर आत पुठ्ठ्याचं एक नवं पान. चष्मेवाला, पोट सुटलेला, सदऱ्यावर लोचो सांडलेला गृहस्थ. खाली गोल अक्षरात लिहिलं होतं: 'पाव्हणा. बळ शून्य. समोर बसवावा, सगळे त्यालाच मारतात. चिडला की पूर आणतो.'

मी डब्यात इतका हसलो की समोरच्या बाई पोराला घेऊन सरकून बसल्या.

बँकेत अजून मला कुणी हरवलेलं नाही. डाव संपला की ड्रॉवर उघडून ते पान मी एकटाच बघतो. इतके डाव जिंकलो, पण माझ्या जिंकण्याने कुणाच्या डोळ्यांत पाणी आल्याचं आठवत नाही.