दोरीच्या मापाची मोटार

आमच्या सांडोरच्या वाडीत दोरीवाचून काही हलत नसे. केळीच्या दोन खड्ड्यांतलं अंतर असो की पानवेलीचा मांडव, बाबा सगळं एका काथ्याच्या दोरीने मापायचे. माणसाच्या शब्दापेक्षा त्यांचा त्या दोरीवर जास्त विश्वास. मला तेव्हाही त्याचा राग यायचा.

माझ्या थोरल्या बहिणीच्या खुब्याला क्षय झाला होता. मुंबईच्या डॉक्टरांनी तिला छातीखालपासून पावलापर्यंत प्लास्टर घातलं आणि ते बदलायला अधूनमधून आणत जा म्हणून बजावलं. स्टेशनापर्यंत बैलगाडीशिवाय सोय नव्हती. प्रत्येक खड्ड्याला ती ओठ चावायची, आणि एकदा तर वाटेतच तिची शुद्ध गेली. त्या दिवशी बाबांनी मोटार घ्यायचं मनावर घेतलं.

वसई गावात दोन मोटारी विकायला होत्या. बघायला निघालो तेव्हा बहीण म्हणाली, "बाबा, मलाही न्या. आत शिरता येतं का बघते."

"उगाच धक्के कशाला खातेस, बाय? दोरी आहे ना."

त्यांनी तिला डोक्यापासून टाचेपर्यंत मापलं आणि दोरीला गाठ मारली.

एक मोटार युद्धाच्या आधीची. रंग उडालेला, वरचा टप कापडी आणि फाटका. चालू करायची तर पुढे उभं राहून हँडल मारा. दुसरी बरीच नवी, पत्र्याच्या छपराची. ड्रायव्हरच्या शेजारची बैठक काढली तर आत किती लांबी मिळते, ते बाबांनी दोन्हींत मापलं. जुनीत गाठ जेमतेम मावली, नवीत वीतभर जागा उरली. जुनीच्या मालकाने टप मागे पाडून दाखवला. "वरून काहीही ठेवा, दारांची कटकट नाही."

"मला पानांच्या करंड्या नाही न्यायच्या," बाबा म्हणाले. त्यांनी नवी घेतली.

पुढच्या वेळी मुंबईला निघताना चौघांनी बहिणीला खाटेवरून उचललं. पाय आत गेले, पण प्लास्टर वाकेना आणि खांदे दारातून वळेनात. मग दुसऱ्या दाराने करून पाहिलं. ती घामाने भिजली. "बाबा, मला खाली ठेवा," एवढंच बोलली. बाबा जुनीच्या मालकाकडे धावले, पण ती मोटार केव्हाच गोखिवऱ्याला विकली गेली होती.

बैलगाडीने जायला ती पुन्हा तयार झाली नाही. आई रडली, चर्चचे फादर येऊन समजावून गेले. पाऊस सरला की बघू, बहीण म्हणायची. प्लास्टर तसंच राहिलं आणि आतली जखम चिघळत गेली. पाऊस सरायच्या आत ती गेली.

तिची शवपेटी करायला सुतार आला. त्याने माप विचारलं. मग बाबा उठले आणि खुंटीवरची दोरी काढून त्यांनी त्याच्या हातात दिली. गाठ तशीच होती.