येळवशीचे पांडव

येळवशीला आमच्या अंबाजोगाईत रस्त्यावर माणूस सापडत नाही. सगळं गाव शेतात. मार्गशीर्षातल्या अवसेला काळ्या आईचे उपकार मानायचे, रानातच जेवायचं, आणि ज्याला रान नाही त्याला हाताला धरून आणून जेवू घालायचं. गेवराईला दिलेली आत्या म्हणायची, "आमच्याकडं कुणाला ठावंच न्हाई ही येळवस." मला तिची कीव यायची.

त्या वर्षी आमचीच कीव करायची वेळ आली. रस्त्याकडचं एकुलतं रान विकून माझ्या वडिलांनी, अण्णांनी, बाजारात रंगीत टीव्हीचं दुकान टाकलं होतं. तेव्हा घरोघर केबल येत होती; त्यांना वाटलं, आपण का म्हणून मागं राहायचं? दुकान चाललंही.  पण रानाचा विषय निघाला की आई उठून आत जायची.

सण जवळ आला तशी बोलावणी सुरू झाली. "यंदा आमच्या रानात या, वहिनी." आईचं सगळ्यांना एकच उत्तर, "आमी लोकाला जेवू घातलंय. लोकाच्या रानात मी घास उचलणार न्हाई." आता झाली का पंचाईत! येळवशीला रानात जेवल्याशिवाय ती अन्नाला शिवत नसे, आणि उपास तिला झेपत नव्हता, चक्कर यायची. मला अण्णांचा राग येत होता आणि तिचाही.

तरी पहाटे उठून तिनं पालेभाज्या-शेंगदाण्यांची भज्जी शिजवली, बाजरीचे उंडे केले, आंबिलीनं मडकं भरलं. नेणार कुठं? अण्णा ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. दुकान उघडावं तर गिऱ्हाईक सगळं रानात. मी उगीच टीव्ही लावत होते आणि बंद करत होते. दुपार कलायला लागली तसं आईनं मडकं डोक्यावर घेतलं.

"कुठं निघालीस?" अण्णांनी विचारलं.

"आपल्या रानात."

अण्णांनी गुमान टोपलं उचललं.

रानात पेरा नव्हता. प्लॉट पाडून पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारल्या होत्या. आईनं बाभळीखाली जागा झाडली. आता पूजेला पांडव हवेत. पाच दगडांना चुना लावून आम्ही दरवर्षी त्यांनाच पांडव म्हणून पुजायचो. ती शोधत फिरली आणि चुना लावलेले दगड दिसताच तिचा चेहरा खुलला. "मेल्यांनी कुठं कुठं फेकले बग आपले पांडव." एकेक उपटून तिनं आणून मांडले. मी अण्णांकडं पाहिलं, त्यांनी माझ्याकडं. ते प्लॉटच्या हद्दीचे दगड होते. सांगायची दोघांचीही छाती झाली नाही.

पूजा झाली. अण्णांनी नेहमीसारखी रानभर आंबील शिंपडली. पीक नव्हतं, तर फक्कीवर. पानं वाढणार तेवढ्यात स्कूटरवरून एक जोडपं उतरलं. बाजारातले केळीवाले चाचा, आपण घेतलेला प्लॉट बायकोला दाखवायला आले होते. चाचा रेघांमधून फिरले, वाकून बघू लागले.

"अण्णा, हितं आमच्या कोपऱ्याचा दगड होता की."

आईनं समोर मांडलेल्या दगडांकडं पाहिलं. हळदकुंकू लागलेलं. तिला सगळं उमगलं. लाजेनं लालबुंद होऊन ती दगड उचलायला वाकली, तर चाचींनी तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या, भाभी. मांडलेली पूजा मोडू नका. ही बाभळ आमच्याच प्लॉटात हाय. तुमी आमच्या पाव्हण्या. बसा, जेवा."

आई उभीच राहिली. माझा जीव टांगणीला लागला. तशीच चालायला लागली तर घरी जाऊन ती उपाशीच निजणार, हे मला ठाऊक होतं. अण्णा टोपल्यावरचं फडकं नुसतंच सारखं करत बसले होते.

मग आई बसली. आधी चाचींना वाढलं, मग चाचांना, मग आम्हाला, शेवटी स्वतःला. उंडा मोडून भज्जीत बुडवला आणि घास घेतला. बराच वेळ चावत राहिली.

"घर बांधताना मागं थोडी जागा सोडा," ती चाचींना म्हणाली. "हरभरा लई चांगला येतो तुमच्या रानात."

अण्णा हात धुवायला म्हणून उठले. त्यांचं पान अजून तसंच भरलेलं होतं.