मदामची पोथी

चंद्राबाईला फ्रेंच येतं, हे विट्याजवळच्या त्या गावात कुणाला सांगून खरं वाटत नाही. वाटणार तरी कसं? म्हशीची धार काढून उठलेली बाई "बोंजूर" म्हणाली तर माणसं हसणारच. पण या भागातली कितीतरी घरं गलाईवाल्यांची. सोनं-चांदी आटवून शुद्ध करून द्यायचं, त्या धंद्यापायी कुणी कलकत्त्याला गेलं, कुणी मदुराईला. चंद्राबाईचे मालक भाऊसो गेले पाँडिचेरीला, आणि लग्न होऊन ही त्यांच्यामागं. फ्रेंचांचं राज्य तिथून कधीच उठलं होतं, तरी गल्लीतली म्हातारी माणसं फ्रेंचच बोलायची. हिनं ते ऐकून ऐकून उचललं. भाव करण्यापुरतं आणि भांडण्यापुरतं. भांडता आलं की भाषा आली, असं चंद्राबाईचं मत आहे, आणि ते खोडून काढायची घरात कुणाची छाती नाही.

तर नात सृष्टी सांगलीहून सुट्टीला आली आणि फ्रेंचच्या क्लासचं पुस्तक घेऊन सोप्यात घोकायला बसली. चंद्राबाई शेंगा फोडायचं निमित्त करून शेजारी टेकली. चुका काढायला, दुसरं कशाला!

"मार्शे, मार्शा, मार्शा," सृष्टीनं सुरू केलं. "मार्शाम, मार्शात, मार्शेर."

"काय गं ह्ये?"

"चालणे, आजी. मी चाललो, तू चाललास, तो चालला..."

"मार्शे म्हंजी चालणं, ते मला नको सांगू. तो चालला म्हंजी 'इल आ मार्शे'. सगळी पाँडिचेरी तसंच म्हणत हुती. ह्ये मार्शाम-फिर्शाम कुणी शिकिवलं तुला?"

"अगं, बोलताना तसंच म्हणतात. हा भूतकाळ नुसता लिहिण्यातला, पुस्तकातला. आपल्या पोथीत नाही का, 'राजा बोलता झाला' असतं? आपण कधी म्हणतो का, पप्पा जेवते झाले?"

चंद्राबाई खो खो हसली. मग तिचा हात शेंगांतच थांबला.

"त्ये शेवटचं परत म्हण. दुसरा शब्द घिऊन म्हण."

सृष्टीनं 'देणे' घेतलं. "दोने, दोना, दोना, दोनाम, दोनात, दोनेर."

चंद्राबाईनं हा आवाज ऐकला होता. बाजारात नाही, भांडणात नाही. खाटेवर पडून ऐकला होता.

पाँडिचेरीला गेल्यावर पहिल्याच वर्षी तिला मुलगी झाली आणि चार दिवसांत गेली. चंद्राबाई भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. भाऊसो भट्टीपुढं बसायचे, त्यांना काय बोलावं ते सुधरत नव्हतं. आई इकडं विट्याला. शेजारणींची तमिळ हिला कळायची नाही. मग माडीवरची म्हातारी मदाम खाली आली, खाटेजवळ खुर्ची ओढली आणि पुस्तक उघडून वाचायला लागली. रोज दुपारी यायची. फ्रेंचचा तेव्हा हिला गंधही नव्हता. पण दुखणाईताच्या उशाला बसून कुणी सुरात वाचतंय म्हटल्यावर पोथीच की! चंद्राबाई डोक्यावर पदर घेऊन, पडल्या पडल्या हात जोडायची. वाचून झालं की पुस्तक डोळ्यांना लावायची, आणि मदाम लावू द्यायची.

हळूहळू ती उठली, चुलीपाशी गेली. पुढच्या वर्षी मुलगा झाला, तोच सृष्टीचा बाप. "मदामच्या पोथीनं दिला," हे चंद्राबाईनं साऱ्या गावाला सांगितलंय. पुढं भाषा आली, मदामशी तासन् तास गप्पाही झाल्या, पण पोथीबद्दल काही विचारायचं असतं हे तिच्या मनातच आलं नाही.

"सृष्टे, ह्यो भूतकाळ कसल्या पुस्तकात आसतोय?"

"गोष्टीच्या. कादंबऱ्यांच्या." आजीचा उतरलेला चेहरा बघून पोरीनं घाईनं जोडलं, "त्यांच्या देवाच्या पुस्तकातही असतो की."

एवढ्यावर चंद्राबाई गप्प बसली असती तर सगळं जिथल्या तिथं राहिलं असतं. मुलगा पोथीनं दिलेला, मदाम पुण्यवान. पण आता कळल्याशिवाय तिला घास गोड लागणार नव्हता.

"वाचता वाचता हसायची गं ती," ती हळू बोलायला लागली. "एकदा तर चष्मा काढून डोळं पुसलं, इतकी हसली. मधीच बारीक आवाज काढायची. मधीच कुणीतरी जनावर आल्यागत गुरगुरायची, आन् माझ्याकडं बघायची." तिनं हातातली शेंग खाली ठेवली. "देवाचं वाचताना कोण गुरगुरतंय, व्हय?"

सृष्टीला खोटं बोलवेना. "मग गोष्टच असणार, आजी. लहान मुलांची."

"ल्हान पोरांची?"

"हो. पण तू श्रद्धेनं ऐकलंस ना, म्हणजे..."

"आगं, गप." चंद्राबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचंही तिला भान नव्हतं. "एकोणीस वर्साची हुते मी. मीच पोर हुते की गं तवा. आईबी जवळ नव्हती. मला वाटायचं, माझ्यासाठनं देवाला सांगतीया. ती मला सांगत हुती गं. मला!"